लग्नाची गाठ आणि आग्या मोहोळ

आमच्या सासरी रीत आहे की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरानवरीला डोंगरावरच्या कुलदैवताला न्यायचं. घरून निघतानाच नवरीच्या पदराला नवरदेवाच्या उपरण्याची गाठ मारायची आणि देवापुढं नारळ फुटला की ती गाठ नणंदेनं सोडायची. तो तिचा मान. मधे ती कुणी सोडायची नाही आणि सुटूही द्यायची नाही.

माझ्या थोरल्या जावेची गाठ वाटेत टेम्पोतच आपोआप सुटली होती. त्यानंतर त्या घरात जे जे बिघडलं ते सगळं त्या गाठीवर गेलं. बोअरचं पाणी आटलं ते गाठीमुळं. म्हैस गाभडली ती गाठीमुळं. धाकट्या दिराची दहावी राहिली तीही गाठीमुळंच. सकाळी माझा शालू नीट करता करता जाऊबाई हळूच म्हणाल्या, "पदराकडं ध्यान ठेव बाई. तुझी पन सुटली तर माझ्यावरचं निम्मं वझं उतरंल खरं, पर नगंच."

सासूबाईंनी या खेपेला कुणावर विसंबायचं नाही असं ठरवलं होतं. गाठ त्यांनी स्वतः मारली. आत हळकुंड, सुपारी आणि अक्षता घातल्या, एकावर एक दोन वेढे दिले, वरून पाणी शिंपडलं आणि नवरदेवाच्या मामांना म्हणाल्या, "दादा, आवळ." मामांनी आयुष्यभर ट्रॅक्टरवर ऊस भरलेला. त्यांनी ट्रॉलीचा दोर आवळतात तशी ती आवळली. तरी सासूबाईंना वाटलं, गाठ राहील पण उपरणंच खांद्यावरून घसरलं तर? म्हणून त्यांनी दाभण आणून उपरणं नवरदेवाच्या नव्या शर्टाला खांद्यावर शिवून टाकलं. शिवताना ते नुसते उभे होते, पोत्यासारखे. माझ्याकडं बघत नव्हते आणि मीही त्यांच्याकडं बघत नव्हते. आम्ही एकमेकांशी तोवर एक शब्दही बोललो नव्हतो. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांच्या चुलत्यांनी विचारलं होतं, "काय विचारायचं का मुलीला?" तर त्यांनी मान हलवली होती, आणि ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे कुणालाच कळलं नव्हतं. मी तर अशी की चौथीत हजेरी देतानासुद्धा माझा आवाज गुरुजींपर्यंत पोचायचा नाही.

टेम्पोत पंचवीसेक माणसं, हलगीवाले, नारळाची गोणी आणि मधे आम्ही. मला सासूबाईंनी सकाळपासून पाणी पिऊ दिलं नव्हतं. "वाटंत कुठं उतरायची पंचाईत नगं," असं म्हणाल्या. मुलाला तेच सांगायचं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. घाटाखाली रसवंतीवर टेम्पो थांबला, तिथं यांनी उसाचा रस घेतला आणि मामांनी आग्रह केला म्हणून परत घेतला.

त्यामुळं डोंगर चढून देवळाच्या आवारात पोचलो तेव्हा माझा नवरा माझ्याशी पहिलं वाक्य बोलला. आयुष्यातलं पहिलं. समोर बघत, ओठ न हलवता म्हणाले, "जरा तिकडं जायचंय."

मला कळेना तिकडं म्हणजे कुठं. मग त्यांचा चेहरा बघितला आणि कळलं.

गाठ तर सोडता येत नव्हती. सगळे देवळासमोर नारळ, हार काढण्यात गुंतले होते. आम्ही दोघं प्रदक्षिणेला निघाल्यासारखे देवळाच्या मागं गेलो आणि तिथून पुढं उतारावरच्या घाणेरीच्या झुडपांकडं. ते झुडपाच्या पलीकडं, मी अलीकडं, तोंड फिरवून आणि पदर ताणून धरून. मनात म्हटलं, संसार सुरू झाला.

तेवढ्यात देवळापुढं मामांनी फटाक्यांची लड लावली. लग्नातली उरलेली होती.

देवळाजवळच्या पिंपळावर आग्या मोहोळ होतं. चढताना मी ते बघितलं होतं, सुपाएवढं, काळंभोर. जाऊबाईंनी गुरवांना विचारलंही होतं. ते म्हणाले होते, "देवाच्या माश्या हायेत त्या. कुनाला काय करत न्हाईत." इतकी वर्षं करत नसतील. पण त्यांच्याखाली लड कुणी लावली नव्हती.

आधी हलगी थांबली. मग आरडाओरडा, मग पायांचा धडधड आवाज, मग देवळाचं जाड लाकडी दार आपटलं. झुडपातून डोकावून बघितलं तर आवारात माणूस नाही. चपला, नारळ आणि सगळीकडं माश्यांचा काळा धूर. गाभाऱ्यात सगळे गेले आणि आम्ही दोघं बाहेर राहिलो.

देवळाच्या आमच्याकडच्या भिंतीत एक जाळीची खिडकी होती. तिच्यातून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना आम्ही दिसलो असणार. मला वाटलं, पळा म्हणतील. त्या म्हणाल्या, "गाठ सोडू नका रे."

मला आग्या मोहोळ माहीत होतं. आईवडलांबरोबर मी बेलापूरच्या बाजूला ऊस तोडायला जायची. तिथं एकदा फडात पाचट पेटवलं आणि कडेच्या झाडावरचं मोहोळ उठलं. माणसं गोणपाटं डोक्यावर घेऊन पळाली. एक बैल मात्र गाडीला दाव्यानं बांधलेला होता. त्याचं दावं सोडायला जायची कुणाची हिंमत झाली नाही. माश्या बसल्यावर आम्ही गेलो तेव्हा तो आडवा पडलेला होता आणि मानेत दावं तसंच होतं, ताणून ताणून चामड्यात रुतलेलं. मी त्या पदराच्या गाठीकडं बघितलं आणि मला तो बैलच दिसला.

मी पदर ओढला. नवरा हलेना. ते डोळे मिटून खांबासारखे उभे होते. कुठंतरी त्यांनी ऐकलं होतं की आपण हललो नाही तर मोहोळ चावत नाही. मी आणखी ओढला. ते आणखी घट्ट उभे राहिले. मग एक माशी त्यांच्या कानाच्या पाळीला डसली आणि ते जे सुटले ते सरळ खाली, उताराला. मी देवळाकडं ओढत होते. पण ते दांडगे होते, म्हणून मीही खाली.

उतारावर एकच कडुलिंब होतं. ते त्याच्या डाव्या अंगानं गेले, मी उजव्या. मधे गाठ खोडाला अडकली आणि दोघांनाही असा हिसका बसला की आम्ही पालथे पडता पडता राहिलो.

"इकडून या," मी म्हटलं. माझं त्यांच्याशी पहिलं वाक्य हे.

ते माझ्या बाजूला यायला वळले आणि मी त्यांच्या बाजूला जायला वळले. परत खोड मधे. परत तेच. माश्या डोक्याभोवती घोंगावत होत्या, गालाला, मानेला, हाताला आग होत होती, आणि आम्ही झाडाभोवती लहान पोरांसारखे फिरत होतो. शेवटी मी थांबले आणि गाठ सोडायला बसले. नखं लागेनात. ओल्या कापडात मामांचा सगळा जोर होता आणि वर आतली सुपारी. दात लावले तर ते पलीकडून म्हणाले, "आई सोडू नगं म्हनली."

"मग आईला इचारून या जावा," मी म्हटलं. "मी थांबते हितं."

असं मी बोलले. मला स्वतःलाच नवल वाटलं.

"मग तुमचा शर्ट तरी काढा," मी म्हटलं. त्यांनी प्रयत्न केला. बटणं निघेनात, बोटं सुजून केळ्यासारखी झाली होती. आवाजही जड झाला होता. ते खोडाला टेकले आणि हळूहळू खाली बसले. त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला, भात्यासारखा. माश्या त्यांच्यावर जास्त होत्या. का ते कळलं नाही, कदाचित लग्नात फासलेल्या अत्तरामुळं. मला कळलं की हा माणूस आता धावणार नाही, आणि मी त्याला बांधलेली आहे.

गाठ सुटत नव्हती. उपरणं शिवलेलं होतं. मग सुटण्यासारखं राहिलं काय, तर मी.

शालू खांद्यावर पिनेनं लावला होता. पिन काढायला वेळ नव्हता. ओढला, तेव्हा पोलकं फाटलं. निऱ्या खेचून काढल्या. दिवसाढवळ्या, डोंगरावर, खिडकीच्या जाळीआडून सगळं सासर बघतंय आणि मी गोल गोल फिरून साडीतून बाहेर निघतेय. माश्यांची आग होत होती ती वेगळी आणि कानशिलं तापली होती ती वेगळी.

"डोळे मिटा," मी त्यांना म्हटलं.

"मिटल्यालेच हायेत," ते म्हणाले.

खरंच दोन्ही पापण्या सुजून बंद झाल्या होत्या. देवानं एवढी एक सोय केली.

मी खोडाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेले, अख्खा शालू दुहेरी करून दोघांवर पांघरला आणि कडा पायाखाली दाबल्या. जरीचा जाड शालू होता, आदल्याच दिवशी मी त्याच्या वजनाला कंटाळले होते. आत तीन-चार माश्या आल्याच. त्या मी हातानं चिरडल्या. मग अंधार, घामाचा वास, आणि बाहेर घूं घूं.

"आई काय म्हनंल?" ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरून गाठीवर ठेवला. "चाचपून बघा. हाय तशी हाय."

त्यांनी चाचपली. "व्हय. हाय."

ते गप्प झाले की मला भीती वाटायची. काहीतरी बोलत ठेवायला हवं होतं. पण नवऱ्याशी काय बोलतात ते मला कुठं माहीत? मी विचारलं, "तुमची म्हस किती दूध देती?"

"सकाळचं कमी," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पेंड घातली की... देती."

"कोनती पेंड?"

"सरकीची."

"भुईमुगाची घालत न्हाई व्हय?"

याला उत्तर आलं नाही. मी परत विचारलं. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं, गरम आणि जड. श्वास चालू होता पण शिट्टीसारखा.

तेव्हा मी देवळाकडं तोंड करून ओरडले. शालूच्या आतूनच. "दार उघडा. ह्यांचं बोलनं बंद झालंय."

आतून मामा म्हणाले, "अजून माश्या बसल्या न्हाईत पोरी. जरा दम धर."

"घोंगडं टाका, धूर करा, काय बी करा."

"जरा दम धर."

आत सासरे होते, दोन चुलतसासरे, मामा, थोरले दीर. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर एक बोटभर मागं सरू दिला नव्हता. मी म्हटलं, "दार उघडत नसलं तर ऱ्हाऊ द्या. मी हाय तशीच आत येते."

मग चुलतसासऱ्यांचा आवाज आला, "आरं उघडा, उघडा. ती यायच्या आत उघडा."

दार उघडलं. गुरव डोक्यापासून घोंगडं घेऊन बाहेर आले. एका हातात पेटलेल्या गोवऱ्यांची पाटी, तिच्यात कडुलिंबाचा ओला पाला. त्यांच्यामागं सासूबाई. बाकी कुणी नाही. पांढरा दाट धूर आमच्यापर्यंत आला आणि घूं घूं लांब गेली. सासूबाईंनी आधी शालू उचलून गाठ बघितली, मग मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आपल्या अंगावरची शाल काढून मला गुंडाळली, नीट, काखेत खोचून, लहान पोरीला गुंडाळतात तशी. मग मागं वळून सगळ्यांना म्हणाल्या, "बाप्या मानसांनी तिकडं तोंडं करा. आन् दोघं जन इकडं बघून याला उचला."

तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हाही शालू त्यांना बांधलेलाच होता. त्यांना उचलून नेलं की शालू मागून फरफटत यायचा, म्हणून जाऊबाई तो नवरीसारखा धरून चालत होत्या. डॉक्टरांनी कात्री मागितली.

"गाठीला कात्री लावू नका," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"मावशी, मुलगा वाचवायचा का गाठ?"

"दोनी," सासूबाई म्हणाल्या. "बाही कापा की. शर्ट नवाच हाय, पन कापा."

डॉक्टरांनी बाही कापली आणि इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. नर्सबाईंनी चिमट्यानं काटे काढायला घेतले. त्यांच्या श्वासातली शिट्टी थांबायला बराच वेळ लागला. ती थांबल्यावर मी बसायला गेले, तर मलाच उचलून शेजारच्या खाटेवर घातलं. मलाही कमी चावल्या नव्हत्या.

सासूबाईंनी दवाखान्याच्या पायरीवर देवाच्या नावानं नारळ फोडला, आणि नणंदेनं तिचा मान सोडला नाही. ती त्यांच्या पायथ्याशी बसून केसातला आकडा घेऊन गाठ टोकरत राहिली. सुटली तेव्हा सुपारी खाटेखाली घरंगळली आणि सासूबाई वाकून ती शोधू लागल्या. नातेवाईक भेटायला यायचे, त्यांना त्या सांगायच्या, "एवढं मोहोळ उठलं, पन माझी गाठ न्हाई सुटली. तिनंच वाचवलं पोराला." कुणीतरी विचारलं, "मग सून मोकळी झाली कशी?" सासूबाई म्हणाल्या, "चहा घेतला का तुमी?"

नवऱ्याचे डोळे दुसऱ्या दिवशी दुपारी उघडले, तेही चिरेएवढे. मी शेजारच्याच खाटेवर बसले होते. माझं तोंड लाल भोपळ्यासारखं झालं होतं, ओठ एका बाजूला गेला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग सगळ्या खोलीभर बघितलं, आणि नर्सबाईंना विचारलं, "बाई, माझी मंडळी कुठं हाय?"

नर्सबाई हसायला लागल्या. मला लाजही वाटली आणि थोडा रागही आला. मी खाली बघून म्हटलं, "हितंच हाय."

त्यांनी एकदम मान वळवली. तोंड त्यांनी ओळखलं नव्हतं, आवाज ओळखला. मग खाटेवरचं घोंगडं जरा बाजूला सारून माझ्यापुरती जागा करत म्हणाले, "भुईमुगाची पेंड बी घालतो. उन्हाळ्यात."