तार तुटली नव्हती

लग्न होऊन मी झाशीला आले तेव्हा माझ्या सामानातल्या व्हायोलिनचा सगळ्यांत जास्त अभिमान कोणाला वाटला असेल, तर तो आमच्या ह्यांना. हे सिंचन खात्यात ज्युनियर इंजिनियर होते. बरुआसागर, मोठ अशा आसपासच्या गावांना कालव्यांवर फिरती असायची, आणि जिथे जातील तिथे कोणाला ना कोणाला सांगून यायचे, "हमारी मिसेस वायलिन बजाती हैं." ह्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण झालं की दोन्ही. मी पुण्याची. कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकले होते, समोर कागद ठेवून वाजवायचं. ह्यांच्या कल्पनेत मात्र व्हायोलिन म्हणजे सिनेमातली नायिका रडायला लागली की मागे वाजतं ते.

आमचं चौघांचं मंडळ जमलं ते मिशनच्या शाळेतल्या संगीताच्या बाईंमुळे. बाई केरळच्या, पन्नाशीच्या, एकट्याच राहायच्या. त्या पियानो वाजवत. दुसरे एक निवृत्त अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर, त्यांच्याकडे वडिलांचा चेलो होता, गुडघ्यांत धरून वाजवायचं ते मोठं, जड वाद्य. क्लॅरिनेटला बबिन्याच्या लष्करी छावणीतल्या पलटणीच्या बँडमधला एक हवालदार, कोल्हापूरकडचा. माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून तो तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा.

बाईंचा हट्ट एकच होता. मेलेल्या संगीतकारांचं सगळं जग वाजवतंच आहे, आपण आज हयात असलेल्यांचंच वाजवायचं. त्यांचा भाऊ परदेशातून स्वरलिपीची बाडं पाठवायचा. त्यातून निवडून त्यांनी हिवाळ्याच्या चार महिन्यांत चार कार्यक्रम ठरवले. जागा रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा असायचा, म्हणून शनिवार धरला.

पहिल्या कार्यक्रमाची आमंत्रणं ह्यांनीच वाटली. मी नको नको म्हणत असताना ऑफिसच्या मोठ्या साहेबांना सपत्नीक बोलावलं, शेजारपाजार बोलावला, जुन्या शहरातल्या घरून सासूबाईंना रिक्षातून आणलं. स्वतः इस्त्रीचा कोट घालून दारात उभे राहिले. हॉल भरला. आत्तापर्यंत मी तालमीच्या खोलीत तीन माणसांपुढे वाजवत आले होते, त्यामुळे पडद्याआडून ती गर्दी बघून माझे तळवे ओले झाले. हवालदार म्हणाला, "ताई, वर बघू नगा. कागद तेवढा बघा."

पहिल्या दोन रचना लोकांनी सहन केल्या. तिसरी बाईंची स्वतःची होती. आदल्या वर्षी त्यांची आई मिशनच्या इस्पितळात वारली. शेवटचे दिवस बाई उशाशी बसून होत्या, आणि आईचा जो श्वास ऐकत होत्या तो त्यांनी या रचनेत व्हायोलिनला दिला होता. व्हायोलिनच्या तारा ज्या लाकडी घोडीवर टेकलेल्या असतात, अगदी तिच्यावर गज दाबून, अतिशय सावकाश ओढायचा. सूर निघत नाही. खरखर निघते, मध्येच शीळ, मग काहीच नाही. पियानोचा एक स्वर येतो, पुन्हा शांतता. तालमीत ते वाजवताना माझ्या अंगावर काटा यायचा.

हॉलमध्ये पहिली खरखर निघाली आणि लोक एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या वेळी मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग पियानोनंतरची ती लांब शांतता आली, तर लोकांना वाटलं संपलं, आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या मागून मी पुन्हा गज ओढला. त्याबरोबर शेवटच्या रांगेतून आवाज आला, "अरे भैया, तेल डालो, तेल!"

सगळा हॉल हसला. साहेबांच्या मिसेसनी शालीचा पदर तोंडात धरला होता, पण त्यांचे खांदे हलत होते. साहेब उघड हसत होते. मी कागदाऐवजी वर पाहिलं हीच चूक झाली. सासूबाई गोंधळून ह्यांच्या कानाशी काही विचारत होत्या, आणि हे मान खाली घालून कोटाच्या बटणाशी चाळा करत होते. माझा चेहरा इतका तापला की हनुवटीखालचं लाकूड गरम झाल्यासारखं वाटलं. रचनेची अजून दोन पानं होती. ती मी कशी वाजवली ते मला आठवत नाही. बाई मात्र एकदाही मागे वळल्या नाहीत. त्यांची पाठ ताठ होती.

वाद्यं आवरून मी बाहेर आले तेव्हा हे दारात लोकांना निरोप देत होते, हात जोडून, हसून काहीतरी सांगत. मला वाटलं आभार मानताहेत. घरी येताना स्कूटरवर एवढंच म्हणाले, "थंडी आहे, शाल नीट घे." सासूबाई दुसऱ्या दिवशी शहरात परत जाताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, "सूनबाई, ते वाद्य चांगल्या माणसाकडून नीट करून घे हो." मला वाटलं, म्हातारं माणूस, त्यांना तसंच वाटलं असणार.

चारआठ दिवसांनी शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "भाभीजी, तार मिल गया? यहाँ न मिले तो ग्वालियर से मँगवा लीजिए." मला काही बोध होईना. मी नुसती हसले.

उलगडा झाला तो तालमीत. बाई माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या. त्या दिवशी पियानोचं झाकण न उघडताच त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुझी तार तुटली होती का?"

"नाही. का?"

"आमच्या मुख्याध्यापिका मला सांगत होत्या. बिचाऱ्या मुलीची तार ऐन वेळी तुटली म्हणून तो आवाज आला, तिच्या नवऱ्यानेच दारात सांगितलं, म्हणाल्या." बाईंचा हात झाकणावरच होता. "मी त्यांना काही सांगितलं नाही. मला वाटलं, आधी तुला विचारावं."

हवालदार क्लॅरिनेट पुसत होता, तो पुसतच राहिला. ड्रायव्हरसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंच्या आईचा शेवटचा श्वास, आणि आमच्या घरच्या माणसाने दारात उभं राहून तो मोडलेल्या बाजाचा आवाज ठरवला होता. मला बाईंकडे बघवेना. "मला माहीत नव्हतं," एवढंच कसंबसं म्हणाले.

संध्याकाळी हे घरी आल्या आल्या मी विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. बूट काढता काढता म्हणाले, "मग काय सांगायला हवं होतं? लोक तुला हसत होते. साहेब हसत होते. मला ते बघवेना."

"बाईंनी ती रचना आईसाठी लिहिलेली आहे."

"ते मला काय ठाऊक? तू कधी सांगितलंस?" मग आवाज खाली आणून, "अगं, छोड ना आता. कोणाचं काय बिघडलं?"

दुसऱ्या कार्यक्रमाला हे आले नाहीत, मोठला काम काढलं. लोकही फार नव्हते. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली.

तिसऱ्या कार्यक्रमात बाईंनी आपली रचना पुन्हा ठेवली. म्हणाल्या, "ती अजून कोणी ऐकलेलीच नाही." या वेळी हे आले. मी बोलावलं नव्हतं. साहेबही आले होते, ह्यांना त्यांच्यासोबत यावंच लागलं असेल. साहेब पुढे, हे दोन रांगा मागे.

बाईंच्या रचनेसाठी आम्ही बसलो, मी गज उचलला, आणि साहेब पहिल्या रांगेतून मोठ्या प्रेमाने म्हणाले, "क्यों बहूजी, अब तो तार ठीक है न?"

लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते, ओळखीच्या माणसाला हसतात तसं होतं. बाईंची बोटं पियानोवर टेकलेली होती. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी हसून मान हलवली असती तर सगळं निभावलं असतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "साहब, तार उस दिन भी ठीक था. ये आवाज़ ऐसी ही है. इनकी माँ बीमार थीं, उनकी साँस की है."

साहेबांनी अर्धवट मागे वळून ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या पाठोपाठ पुढच्या दोन्ही रांगांनी पाहिलं. हे ताठ बसले होते, शाळेत वर्गासमोर उभं केलेल्या मुलासारखे. मला वाटलं उठून जातील. गेले नाहीत.

मी वाजवलं. या वेळी कोणी हसलं नाही. माझा गज मात्र तालमीतल्यासारखा एकदाही ओढला गेला नाही. शांततेत कोणाचं तरी तान्हं मूल कुरकुरत होतं. संपल्यावर टाळ्या पडल्या, जपून, शेजारच्याचं बघून.

वाटलं होतं, बाईंना बरं वाटेल. पडद्यामागे त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू हे करायला नको होतंस. हसले असते तर मला हसले असते. माझं आहे, मी ऐकून घेतलं असतं. तो तुझा नवरा आहे." माझ्या दंडावर हात ठेवून त्या निघून गेल्या. ज्यांच्यासाठी मी बोलले त्यांनाच ते नको होतं. मी व्हायोलिनची पेटी बंद करायची सोडून तिथेच खुर्चीवर बसून राहिले.

घरी ह्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. हातपाय धुतले, ताटावर बसले, आणि पोळी मोडता मोडता म्हणाले, "सगळ्यांसमोर खोटं पाडलंस मला."

"हो," मी म्हणाले. "चुकलं."

"चुकलं नाही. खरंच बोललीस." आणि ताट अर्धं टाकून उठले.

त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं राहिलं. मधल्या काळात एका हळदीकुंकवाला गेले होते. झाशीत आम्हा मराठी बायकांचं हळदीकुंकू म्हणजे निम्मी ओळख हिंदीतच. तिथे ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या बायकोने हसत हसत सांगितलं, "हमारे यहाँ तो सब लोग भाईसाहब को तारबाबू कहने लगे हैं. आपको नहीं बताया?" तारबाबू म्हणजे तारखात्यातला कारकून. साहेबांनीच ठेवलेलं नाव, आणि चपराश्यापर्यंत पोचलेलं. हे रोज सकाळी डबा घेऊन त्या ऑफिसात जात होते आणि मला एका शब्दाने बोलले नव्हते. माझ्या हातातलं वाण तसंच राहिलं. बायकांच्या घोळक्यात मला कुठे बघावं ते कळेना. चक्कर येतेय असं सांगून घरी आले.

चौथ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरसाहेबांची पाठ धरली. त्यांना उभं राहता येत होतं, पण चेलो उचलणं शक्य नव्हतं. रद्द करावं लागणार, असं मी घरात नुसतं बोलून गेले. शनिवारी दुपारी हे मित्राची जीप घेऊन रेल्वे कॉलनीत गेले, ड्रायव्हरसाहेबांना पुढच्या सीटवर उशी देऊन बसवलं आणि चेलो स्वतः दोन्ही हातांनी छातीशी धरून हॉलमध्ये आणला. व्हरांड्यात त्यांच्या ऑफिसातले दोघे उभे होते. त्यातला एक ओरडला, "क्या तारबाबू, आज इतना बड़ा बाजा?"

मी पायरीवरच होते. मला धरणी दुभंगावीशी वाटली. ह्यांनी चेलो जिन्याला लागू नये म्हणून जरा तिरका केला आणि म्हणाले, "हाँ भाई, रास्ता दो."

श्रोते मोजकेच होते. साहेब नव्हते. हे पुढच्या रांगेत एकटेच बसले, दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्या. बाईंची रचना शेवटी होती. हॉलमध्ये मी पहिल्यांदाच ती तालमीतल्यासारखी वाजवली, आणि पूर्ण वेळ हे माझ्या हाताकडे बघत होते, भिंतीला ओल कुठून येते ते शोधत असल्यासारखे कपाळाला आठ्या घालून.

परतताना ड्रायव्हरसाहेबांना सोडलं, मग जीपमध्ये आम्ही दोघंच राहिलो. सिपरी बाजारातून जाताना मी धीर करून विचारलं, "कसं वाटलं?"

म्हणाले, "ते दुसरं चांगलं होतं, क्लॅरिनेटचं. बाईंचं नाही आवडलं मला. कोणाच्या आईचा श्वास आहे हे ठाऊक असूनही नाही आवडलं. आत कसंतरी होतं."

"कसंतरी म्हणजे?"

"म्हणजे उठून जावंसं वाटतं." गिअर बदलत पुढे म्हणाले, "बाईंना सांगू नकोस."

मी सांगितलं. बाई इतकंच म्हणाल्या, की इस्पितळात त्यांनाही तसंच वाटायचं.

दुसरा मोसम झाला नाही. उन्हाळ्यात हवालदाराची पलटण हलली, पुढच्या वर्षी बाई निवृत्त होऊन केरळला गेल्या. ह्यांचं तारबाबू हे नाव ललितपूरला बदली होईपर्यंत टिकलं. निरोपसमारंभात साहेबांनी भाषणातही ते वापरलं आणि सगळे हसले. हेही हसले. मी बायकांच्या रांगेत बसले होते, प्लेटमधला सामोसा तसाच धरून.