तांदळाच्या डब्याची उंची

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. सरकारी नकाशे काढणारी मी, शहर जणू मीच बांधून राहिली अशा थाटात फिरायची. शंकर नगरातल्या झेरॉक्सच्या दुकानात एक पोट्टी घरांचे नकाशे पसरून बसली होती. दूर समुद्रकाठी तेलविहिरींजवळच्या वस्तीत समुद्राचं पाणी घुसतं, म्हणून तिथल्या घरांवर तिचं संशोधन होतं. यंदा तिच्याच नकाशांवरून तिथं नवी घरं बांधली जाणार होती.

"त्यायले दुसरीकडे हलवा न!" मी अक्कल पाजळली.

"दीदी, पोट तिथंच भरते त्यायचं." तिची पेन्सिल थांबली नाही. "मी पहिले बायांना विचारते, तांदळाचा डबा कुठं ठेवता? पाणी चढते तशी दर वर्षी त्यायची फळी वीतभर वर जाते. घराचं जोतं मी त्या फळीइतकं उचलते."

मी इतके नकाशे काढले, पण कोणत्याच बाईला काही विचारलं नव्हतं. पंख्याने तिचा कागद उडू लागला, तशी मी, ही मोठी मॅडम, तो दोन्ही हातांनी दाबून उभी राहिली.