कोर्टाच्या खोलीतला डोळा

सोलापुरात कामासाठी आलेल्या माणसाचं काम डॉक्टरच्या हाती नसतं, मामलेदाराच्या नसतं आणि देवाच्या तर नसतंच. तो कोणत्या खोलीत उतरला यावर सगळं ठरतं, असं मानणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली, आणि ती म्हणजे बाळीवेशीतली आमची घरमालकीण. सगळे तिला आक्का म्हणत. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, बोलणं मराठी, पण पेचात सापडली की तोंडून कानडी येई. परगावच्या लोकांना ती खोल्या द्यायची त्या अख्ख्या संसारासकट: चूल, तवा, काटवट, बाज, भरलेला रांजण, फळीवर शेंगाचटणीची बरणीसुद्धा. आपण फक्त पीठ आणि अडचण घेऊन यायचं.

खोल्या तीन. एक कोर्टाची, एक दवाखान्याची, एक सोयरिकीची. ज्याचं काम फत्ते होई त्याच्या खोलीच्या चौकटीवर आक्का विभूतीचं एक बोट ओढी. मैंदर्गीचा एक शेतकरी बैल घ्यायला आला तेव्हा तिने त्याला सोयरिकीच्या खोलीत उतरवलं. तो बिचारा म्हणाला, "आक्का, मी बैल घ्याया आलोय." आक्का म्हणाली, "मग? जोड जुळवाया आलाय न्हवं?" आणि बैलांच्या मालकाचं घराणं विचारून घेतल्याशिवाय तिने त्याला बाजारात जाऊ दिलं नाही. बैल चांगले निघाले. चौकटीवर बोट उमटलं.

मी केम गावाहून आईला घेऊन आलो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. मी शाळामास्तर. आईच्या एका डोळ्याची नजर लहानपणीच देवीच्या रोगात गेलेली, आणि उरलेल्यात पाच वर्षांपासून मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की ती पदराने डोळा झाकून घेई. "हाय तेवढा उजेडबी गेला म्हंजे?" एवढंच म्हणे. त्यात आक्काने सांगितलं की दवाखान्याची खोली भरलेली आहे, कोर्टाचीच काय ती रिकामी. आईचं तोंड उतरलं. मला तर परतीची गाडीच दिसू लागली.

पण आक्का हार खाणारी नव्हती. बाजेवर आईशेजारी बसून तिने उलटतपासणी सुरू केली. "डोळा कुणाचा?"

"माजाच की."

"मोतीबिंदू कवा घुसला?"

"झाली पाच वरसं."

"भाडं देतो?"

आई हसली. पाच वर्षांत डोळ्याचा विषय निघून ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "मग बेकायदा कब्जा हाय," आक्काने निकाल दिला. "बारा वरसं झाली असती तर डोळा त्येच्या नावावर गेला असता. अजून टाईम हाय. मास्तर, फिर्याद लिवा." आणि मी, व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस, आई विरुद्ध मोतीबिंदू अशी फिर्याद कागदावर लिहून आईच्या उशाखाली ठेवली. ऑपरेशनच्या दिवशी आईने डॉक्टरांना विचारलं, "वकीलसाहेब, कब्जा मिळंल न्हवं?" डॉक्टर गोंधळले, पण आई हसत आत गेली.

पट्टी बांधून आईला खोलीवर आणलं, आणि मग आक्काचा खरा अंमल सुरू झाला. गिरणीचा भोंगा झाला की ती बोट ओठांवर ठेवून दारात उभी. "हळू बोला, शेजारी पेशंट हाय." दवाखान्याच्या खोलीवर जाड पडदा, दारापाशी ती रोज सकाळी पाण्याचा तांब्या ठेवी. मी मांजराच्या पावलांनी चालत होतो. एकदा विचारलं, पेशंट कधी दिसत नाही? "त्येचं दुखणं लई नाजूक हाय," ती म्हणाली. मी आणखी हळू चालू लागलो.

पट्टी सुटली. महिन्याभराने जाड भिंगांचा चष्मा लागला, आणि आईला दिसलं. मी ओट्यावर बसून चक्क रडलो. आई मात्र जे दिसेल ते बघत सुटली. मुंग्या बघितल्या, माझे पिकलेले केस बघितले आणि मला बोल लावला. तेवढ्यात वाऱ्याने शेजारचा पडदा उडाला.

"आरं, पेशंट आत अन् कुलूप भाईर व्हय?"

दोन्ही डोळे शाबूत असून मला ते दीड महिन्यात दिसलं नव्हतं. आक्का "हौदु, हौदु" असा कानडीत होकार भरत खाली बसली. "आमचे मालक ह्या खोलीतनं दवाखान्यात गेले. परत आले न्हाईत. तवापासनं हितं कुणाला उतरवायचा धीर व्हत न्हाय. तुमी आदीच भ्यालेल्या. कसं सांगू?"

गाडी संध्याकाळची होती. आईने किल्ली मागितली, आमचं गाठोडं मला त्या खोलीत न्यायला लावलं, खोली झाडली आणि दुपारभर तिथल्या बाजेवर स्वस्थ पडून राहिली. निघताना म्हणाली, "आक्का, आमचा डोळा ह्या खोलीच्या नावावर चढवा." आक्काने चौकटीवर बोट ओढलं. रेघ जरा वाकडी आली.

पुढल्या वर्षी आमच्या गावचा एक जण डोळ्यासाठी तिच्याकडे उतरून आला. आईने आधी खोली विचारली. "दवाखान्याची दिली की," तो म्हणाला. "समदं ब्येस. येकच कळलं न्हाय. सकाळी माज्या तांब्याशेजारी ती आनी येक तांब्या कुणासाठी ठिवती?"

आई चष्मा काढून पदराने पुसत राहिली.