बिनआंघोळीची रांग

आमच्या बिदरकडच्या शाळेतले हेडमास्तर रोज प्रार्थनेनंतर बिनआंघोळीची पोरं वेगळ्या रांगेत उभी करायचे. आवाज कधी चढवत नसत. मी तिथंच मास्तर; मला म्हणायचे, "शिस्त लावायलोय, सर. राग न्हाई माझा."

दुष्काळात आमच्या वस्तीची विहीर आटली, तरी रांग चालूच. वस्तीतली चौथीतली एक पोर मला म्हणाली, "उद्यापासून म्या शाळेला येत न्हाई."

माझं डोकं फिरलं. वस्तीतला पहिला बी.ए. मी, पण पाणी माझ्याही घरात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो आणि रांगेत तिच्याशेजारी उभा राहिलो.

"सर, तुमी कामून हितं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"आमचीबी विहीर तीच हाय."

हेडमास्तरांनी खरोखर माझी नखं तपासली. "साफ हायत. तुमी मास्तरांत या." मग पोरीकडं बघून शांतपणे म्हणाले, "तू थांब."

मीही थांबलो.