आईनं शिकवलेली वजाबाकी

मी खगोलशास्त्रज्ञ झाले म्हणून भोरच्या शाळेत माझा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, आणि मग शाळेतल्या मुलामुलींसमोर, पालकांसमोर माझं बोलणं. सूत्रसंचालक त्याच शाळेतले एक सर, तालुक्यात नवे. त्यांनी माईक घेतला आणि माझी ओळख सुरू केली. "वेल्ह्याकडच्या वस्तीवर, निरक्षर आईबापांच्या पोटी, घरात दिवा नाही, पुस्तक नाही, अशा चिखलात हे कमळ उमललं." टाळ्या पडल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई पहिल्या रांगेत बसली होती. वेल्ह्याच्या शाळेत तिनं जन्मभर मास्तरकी केली. वडील एसटीत मेकॅनिक, पेपर वाचल्याशिवाय ताटावर बसायचे नाहीत. घरात ट्यूबलाइट होती, बुद्धाच्या तसबिरीखाली पुस्तकांचं कपाट होतं. पण वस्ती म्हटली की ह्यांची गोष्ट तयारच असते, कुणाला विचारायला नको. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बरं, हे सर नवे. हॉलमधले निम्मे पालक वेल्ह्याकडचेच, आईच्या हाताखाली पाढे शिकलेले, त्यांचं काय? एकानं तोंड उघडलं नाही. आईच्या शेजारची बाई तर तिलाच समजावत होती, "जाऊ द्या ओ बाई, चांगलंच बोलत्यात की."

मी उठले. लिहून आणलेली सुरुवात बाजूला ठेवली. "मी वजाबाकी करते," मी मुलांना म्हणाले. क्वेसार म्हणजे फार लांबच्या दीर्घिकेच्या मधोमध बसलेलं कृष्णविवर. त्यात पडणारा वायू तापून इतका झळाळतो की भोवतीची अख्खी दीर्घिका दिसेनाशी होते. समोरून टेम्पोचा हेडलाइट डोळ्यांवर आला की टेम्पो दिसत नाही, तसं. मग आम्ही त्याच दुर्बिणीनं एका साध्या ताऱ्याचा फोटो घेतो. ठिपक्याचा उजेड कसा पसरतो ते त्यावरून कळतं. त्या मापानं क्वेसारचा उजेड वजा केला की मागं उरतो तो त्या दीर्घिकेचा, अगदी अंधुक. विश्व लहान होतं तेव्हा तिथं तारे जन्मत होते का, ते त्या उरलेल्या उजेडात शोधायचं.

"माझे वरिष्ठ म्हणायचे, तिथं काही नाही, तुझी वजाबाकी चुकली. मी पुन्हा पुन्हा केली. उजेड तिथंच होता. ही वजाबाकी मला चिंचोके मांडून माझ्या आईनं शिकवली, वेल्ह्याच्या शाळेत. ती ही समोर बसलीय."

सरांनीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. त्यांना काही लागलंच नव्हतं. आपण काय बोलून गेलो ते त्या माणसाच्या गावीही नव्हतं, याचा मला जास्त संताप आला.

"कुणाला काही प्रश्न?" त्यांनी विचारलं. आईनं हात वर केला आणि ती उभी राहिली.

"माझा प्रश्न तुम्हाला आहे, सर. कमळ समजलं. चिखल कोण?"

सर गडबडले. "तसं म्हणायचं नव्हतं, बाई. मी गौरवच केला."

"मग कसं म्हणायचं होतं, ते माईकवरनं सांगा. मी रिटायर झालेय, मला घाई न्हाई."

शेजारची बाई तिचा पदर ओढत होती. आई उभीच राहिली.