धुळीतलं लोखंड

धुळीकडे इतक्या मायेनं बघणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्या बायकोच्या मामांखेरीज दुसरा सापडायचा नाही. मामा शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. निवृत्त होताना शाळेनं शाल-नारळ दिला, तर यांनी वर एक जुना लोहचुंबक मागून घेतला. घर शनिशिंगणापुरात, म्हणजे चौकट आहे पण दार नाही. वारा सुटला की रानातली धूळ थेट देवघरापर्यंत येते. मामी केरसुणी घेऊन उठल्या की मामा आडवे यायचे. "थांब गं, आधी चुंबक फिरवू दे." चुंबकाला धुळीतल्या लोखंडाची काळी लव चिकटली की ते असे हरखायचे की जेवण निवून जायचं. एकदा तर मी टेकतोय तोच माझ्या सदऱ्याच्या खांद्यावरून चुंबक फिरवला, चिकटलेली लव निरखली आणि म्हणाले, "जावईबापू, बायपासनं आलासा व्हय?"

मग त्यांची समाधी लागायची. "ही धूळ पार समुद्रावर जाती. पन नुसतं जाऊन भागत न्हाई. लोखंड दगडात घट बसलेलं असतंय. वाटंत ढगात भिजतं, वाळतं, पुन्हा भिजतं. कारखान्यांचा धूर मिसळून ढगातलं पानी आंबट हुतं, तवा कुठं चिमूटभर लोखंड सुटतं. त्येवढ्यावर समुद्रातलं डोळ्याला न दिसनारं हिरवं शेवाळ जगतं." चौकटीतून आलेल्या कवडशात कण संथ तरंगत असायचे. ऐकता ऐकता मलाही वाटायचं, आपणही हळूहळू कुठेतरी निघालो आहोत.

मामींना मात्र लग्नापासून समुद्र बघायचा होता. "आपली धूळ जाती की, आपन कशाला?" हे मामांचं ठरलेलं उत्तर. खरं सांगतो, तेव्हा मला त्यांचा राग यायचा. गेल्या वर्षी मामी अंगण झाडताना चक्कर येऊन पडल्या. अंगात लोह फारच कमी आहे, रक्त भरून येईपर्यंत प्रवासाचं नाव काढू नका, असं डॉक्टर म्हणाले. मामा चौकटीत जाऊन बसले. "घरात लोखंड वाऱ्यानं येतंय, आन् हिच्या अंगात न्हाई," म्हणाले.

चुंबक फडताळात गेला. डॉक्टरांनी लोहाची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितली होती. मामांना ते एकदम पटलं. गोळीची वेळ झाली की हे लिंबू घेऊन हजर. मामींनी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "आंबटाबिगर लोखंड सुटत न्हाई. गप पी." त्या घरातली एकही भाजी लिंबातून सुटली नाही. पाहुण्यांचा चहासुद्धा.

माघात तपासणी चांगली आली आणि मी दोघांना अलिबागला नेलं. जन्मभर समुद्रावर बोललेले मामा पाणी दिसताच चपला हातात घेऊन उभे राहिले. मामींनी पदराची गाठ सोडली. आत अंगणातली धूळ होती.

"अवो, सारा जलम झाडली ही. म्हनलं, एकदा आपल्या हातानं पोचती करावी."

मामांनी गोळीसाठी आणलेलं अर्धं लिंबू खिशातून काढलं आणि मामींच्या तळहातावरच्या धुळीवर पिळलं.

"कोरडी नगं सोडू," ते म्हणाले. "विरघळाया लई वखत लागतो. माझंच बघ की."

मामींनी हात पाण्यात सोडला. हल्ली वारा सुटला की मी आमच्या घरची खिडकी लगेच लावून घेत नाही.