चंद्रीची आंघोळ आणि माझं उन्हाळी निवेदन

आमच्या वॉर्डात माझ्यापेक्षा आमच्या म्हशीला जास्त लोक ओळखतात. तिचं नाव चंद्री. माझं नाव वंदना, पण ते विचारतंय कोण!

मी मंगळवार पेठेतली नगरसेविका. पहिलीच खेप. त्याआधी मी घरी कांदा-लसूण चटणी करून विकायचे. वॉर्डातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत माझी बरणी होती, म्हणून माझ्या नावापुढचं बटण दाबलं गेलं, असं माझं प्रामाणिक मत आहे. (आमच्या मालकांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते मला त्यांच्या तालमीनं निवडून आणलं. ही तालीम गेली कित्येक वर्षं कॅरमशिवाय काही खेळलेली नाही.) घरात आम्ही तिघं. मी, मालक आणि माझे सासरे आबा. पेठेत आता गोठे बोटावर मोजण्याइतके राहिलेत, त्यातला एक आमच्या घरामागच्या परड्यात, आणि त्यात चंद्री. आबा सकाळी उठून आधी तिला हाक मारतात, मग देवाला. चहा झाल्यावर आम्हाला.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरच घडलं. आमच्या वॉर्डात वरची गल्ली आणि खालची गल्ली. खालची गल्ली पाइपलाइनच्या पार शेपटाला. उन्हाळा लागला की वरच्या गल्लीत पाइप बाहेर निघतात. अंगणं धुतली जातात, गाड्या धुतल्या जातात, गच्ची गार करायची म्हणून गच्चीही धुतली जाते. मग खाली पोचते ती करंगळीएवढी धार. नवी लाइन मंजूर झाली होती, पण काम सुरू व्हायला पावसाळा संपायची वाट बघायची होती. तोवर इलाज एकच, वरच्या गल्लीनं पाइप गुंडाळून ठेवायचे. आणि वरची गल्ली माझीच! निम्मी घरं भावकीतली, उरलेली स्वतःला भावकीतली समजणारी. कुणाला बोलायची सोय नाही.

खालच्या गल्लीच्या टोकाला हसीनाभाभी राहतात. ब्लाऊज शिवतात. त्यांची कात्री परवडली, जीभ नको. प्रचारात त्यांच्या दारात गेले तेव्हा त्यांनी मशीन न थांबवता सांगितलं होतं, "वैनी, चटणी तुमची एक नंबर हाय. पर नळाला पाणी आलं न्हाय तर पुढच्या खेपेला मत बी न्हाय आन् चटणी बी न्हाय."

मताचं एकवेळ चालेल, पण चटणी? मी तिथंच शब्द देऊन बसले, "या उन्हाळ्यात तुमची घागर भरंल, भाभी." हसीनाभाभी म्हणाल्या, "बघू की." कोल्हापुरात 'बघू की' हा करार असतो.

म्हणून मी ठरवलं, उन्हाळ्याचं निवेदन करायचं. मोबाईलवर, लाईव्ह. वॉर्डातल्या कामांची माहिती द्यायची, आणि त्यातच पाइपवाल्यांना चांगलं झापायचं. समोरासमोर भावकीला बोलता येत नाही, पण मोबाईलमधून बोललं की ते सगळ्या जनतेला बोलल्यासारखं होतं.

जागा निवडली परडं. मागं शेवग्याचं झाड, हिरवंगार, दिसायला बरं. कॅमेरामन आमचे मालक. आता यांचा एक इतिहास आहे. मागच्या लाईव्हला मी गटारीच्या कामावर बोलत असताना यांनी मध्येच सांगितलं होतं, "पदर सावर की जरा." ते अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. पुढं दोन दिवस मी भाजी घ्यायला गेले की भाजीवालीपण आधी माझ्या पदराकडं बघायची. म्हणून यावेळी मी यांना दम भरला, "हे बघा, काय बी झालं तरी तोंड उघडायचं न्हाय. आणि मोबाईल हलवायचा न्हाय. आभाळ कोसळलं तरी."

"आन् भूकंप झाला तर?"

"तरीबी न्हाय."

हे सगळं आबा उंबऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "सूनबाई, हे किती जण बघणार म्हणायचं?"

"समदा वॉर्ड बघंल, आबा."

"आन् शिरोळची पावणी?"

शिरोळची पावणी म्हणजे माझे वडील. नदीकाठच्या मळीत ऊस पिकवणारे, आणि आबांचे जुने हाडवैरी. म्हणजे तसं प्रेम आहे, पण दिवाळीत ते आमच्याकडं आले होते तेव्हा गोठ्यात डोकावून सहज म्हणाले, "पावणं, म्हस जरा रोडावलीय न्हवं?" त्या दिवसापासून आबांनी शिरोळचा गूळ खाणं सोडलंय.

मी म्हटलं, "व्हय, दादा तर पयल्यांदा बघतील. लेक बोलाय लागलीया म्हटल्यावर."

"बरं बरं," म्हणून आबा उठले आणि गोठ्याकडं गेले. मी त्यावर अजिबात विचार केला नाही. तिथंच तर चुकलं.

ठरल्या वेळेला लाईव्ह सुरू झालं. चेहरा स्वच्छ यावा म्हणून मागचा कॅमेरा लावलेला, त्यामुळं पडद्यावर काय दिसतंय ते फक्त यांना दिसत होतं. मला फक्त हे दिसत होते. मी सुरुवात केली, "वॉर्डातील सर्व बंधू-भगिनींना माझा नमस्कार." (एरवी आम्ही असं बोलत नाही. मोबाईल समोर धरला की आपोआप असं बोललं जातं.) दिव्यांचं सांगितलं, कचऱ्याच्या गाडीचं सांगितलं. मग पाण्यावर आले. यांच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, माझं बोलणं भिडलं. मग यांचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, फारच भिडलं. अंगात आणखी जोर आला.

"काही जण," मी आवाज चढवला, "भर उन्हाळ्यात पाइप लावून अंगणं धुतात, गाड्या धुतात. खाली आपल्या आयाबहिणी घागर घेऊन ताटकळतात. लाज वाटली पाहिजे!"

मागून कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता. पाण्यावर बोलतोय म्हणून कानात वाजतंय, असं मी स्वतःला समजावलं. यांनी मान डावीकडं वळवली. मी डोळे वटारले. यांनी मान सरळ केली. आज्ञाधारक माणूस.

"म्हणून मी आज जाहीर सांगते," मी बोट रोखलं, "ज्याच्या दारात पाइप दिसेल, त्याच्या नळाला मी स्वतः उभी राहून आठ दिवस बूच मारीन. मग तो कुणीबी असू दे! माझ्या घरचा असला तरी सोडायची न्हाय! कारण पाण्याचा प्रत्येक थेंब..."

आणि प्रत्येक थेंब माझ्या पाठीवर आला. चंद्रीनं अंग झटकलं होतं.

मी वळले. शेवग्याखाली चंद्री उभी. साबणाचा फेस, शिंगांना तेल, कपाळावर गोंडा. शेजारी आबा, धोतर खोचलेलं, हातात पाइप, आणि पाइपला हे एवढं फोर्सनं पाणी. आबांनी मोबाईलकडं बघून पाइपसकट हात जोडले. यांच्याही अंगावर फवारा उडाला, पण मोबाईल तसूभर हलला नाही.

"शिरोळच्या पावण्यास्नी रामराम!" आबा म्हणाले. "म्हस रोडावलीय काय ते बगा आता नीट!"

मी धावत जाऊन मोबाईल हिसकावून बंद केला. यांना म्हटलं, "अहो, सांगायचं न्हाय व्हय?"

"तूच म्हणालीस, आभाळ कोसळलं तरी बोलायचं न्हाय. ही तर म्हस हुती."

आबांकडं वळले. "आबा, पाणी वाचवा म्हणून सांगालो मी, आणि तुम्ही माझ्याच मागं म्हस धुवालाय?"

"मग काय करू?" आबा खरंच दुखावले होते. "समदं जग बघणार म्हणालीस. तशीच मळकी दाखवू? तूच न्हाय का दोनदा पावडर लावलीस?"

पावडर दोनदाच लावली होती.

तोवर मोबाईलवर वॉर्डाचा ग्रुप पेटला होता. 'म्हस म्हंजे नाद खुळा.' 'नगरसेविका कोण, डावीकडची का उजवीकडची?' 'बूच कधी मारताय वैनी, बघाय यायचं हाय.' भावकीतल्या एकानं तर स्वतःच्या पाइपचा फोटो टाकून लिहिलं, 'आमचं बी लाईव्ह हाय.' तेवढ्यात शिरोळहून दादांचा फोन आला. मला वाटलं, बाप आहे, धीर देईल.

"पोरी, आबास्नी सांग, म्हस एक नंबर हाय. माझा शब्द मागं घेतो."

"बरं. आणि मी कशी बोलले दादा?"

"तू बोलत हुतीस व्हय?"

मी फोन ठेवला. तर दारात हसीनाभाभी. मागं खालच्या गल्लीतल्या चार बायका. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, पण भाभी शांत होत्या. त्यांनी पदराखालून एक वस्तू काढून माझ्यापुढं धरली. नळाचं बूच. आणि पाना.

"आमचा दीर प्लंबर हाय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, वैनींस्नी एवढ्या घाईत बूच कुठनं गावणार. म्हणून घेऊनच आलो."

क्षणभर माझ्या मनात पळवाटा आल्या, खोटं कशाला बोलू. म्हातारा माणूस आहे, चुकून झालं, पुढच्या वेळेपासून मारू बूच. पण भाभींच्या मागं उभ्या असलेल्या एकीच्या कमरेवर रिकामी घागर होती. ती मुद्दाम आणली नव्हती, पाण्यालाच निघाली होती बिचारी. तिच्या घागरीकडं बघितलं आणि पळवाटा तिथंच संपल्या. आज मी माझा नळ सोडला तर वरच्या गल्लीतला एकही पाइप आत जाणार नव्हता, आणि मग ही घागर अख्खा उन्हाळा अशीच.

"आणा तो पाना," मी म्हटलं.

अख्खी वरची गल्ली कट्ट्यावर येऊन बघत होती. पाना मला धड धरता येईना, तो हसीनाभाभींनीच धरला. मी फक्त हात लावला, नारळ फोडताना घरातले सगळे हात लावतात तसा. आबा कोपऱ्यातून म्हणाले, "आन् चंद्री काय पिणार? तिनं कुणाचं काय केलंय?" भाभींनी पाना आणखी एक फेरा फिरवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी घागर घेऊन खालच्या गल्लीच्या नळावर गेले. सवयीनं सरळ पुढं जाऊन उभी राहिले. हसीनाभाभी म्हणाल्या, "वैनी, लाइन मागं हाय." मी मागं गेले. माझी पाळी आली तेव्हा धार करंगळीएवढीसुद्धा नव्हती. घागर भरेपर्यंत मी समोरच्या भिंतीवरची फुटबॉलच्या संघाची सगळी चित्रं पाठ केली. यातली एकेक बाई हे रोज करून मग कामाला जाते, आणि मी तिला 'ताटकळतात' एवढ्या एका शब्दात उरकलं होतं. घरी येईस्तोवर निम्मं पाणी माझ्या साडीवर होतं. (पावडर लावायचं त्या दिवसापासून बंद आहे.) आणलेलं पाणी चंद्रीनं एका दमात संपवलं आणि माझ्याकडं बघितलं. मालक स्कूटरवरून कॅन आणून आणून वाकले. आबा चंद्रीला ओल्या फडक्यानं पुसत बसायचे, आणि मला ऐकू जाईल असे उसासे टाकायचे.

तिसऱ्या संध्याकाळी दार उघडलं तर पायरीवर दोन भरलेल्या बादल्या. गल्लीच्या तोंडाशी हसीनाभाभी परत चाललेल्या. मी हाक मारली.

"तुमच्यासाठी न्हाय," त्या मागं न बघता म्हणाल्या. "शिक्षा तुमास्नी हाय. मुक्या जनावराला कशाला?"

मग रोज बादल्या यायला लागल्या. कधी या घरातून, कधी त्या घरातून. ज्यांना स्वतःला पुरत नाही, त्यांच्याकडून. आबा पहिल्यांदा लाजले. मग त्यांनी चंद्रीचं सकाळचं दूध तांब्यातांब्यानं खालच्या गल्लीत पोचवायला सुरुवात केली. आणि मग एक दिवस नवल झालं. वरच्या गल्लीतली माझी भावकी रोज बघत होती, नगरसेविका घागर घेऊन खाली जातीय, आणि खालून म्हशीसाठी पाणी वर येतंय. काय वाटलं असेल त्यांना कोण जाणे, पण एकानं पाइप गुंडाळला. मग दुसऱ्यानं. ज्यानं ग्रुपवर पाइपचा फोटो टाकला होता, त्यानं तर तोच पाइप आबांना आणून दिला, "म्हशीला दावं करा" म्हणून. माझं लाईव्ह ऐकून यातलं काहीही झालं नसतं. ते ऐकलंच कुणी नव्हतं.

आठ दिवस पुरे व्हायच्या आत खालच्या नळाला अशी धार आली की पहिल्यांदा बायका घाबरल्या. हसीनाभाभींनी घागर भरली, ती डोक्यावर न घेता खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "वैनी, पुढच्या खेपेला चटणी दोन किलो." मला रडूच आलं.

बूच निघालं त्या दिवशी मी पुन्हा लाईव्ह केलं. यावेळी फक्त आभार मानायला. वरच्या गल्लीचे मानले, खालच्या गल्लीचे मानले, प्रत्येक बादलीचे मानले. मनापासून सांगते, एवढं खरं मी प्रचारातसुद्धा बोलले नव्हते. मालकांनी मोबाईल घट्ट धरला होता, एक शब्द बोलले नाहीत.

संपल्यावर मी पडदा बघितला. अख्ख्या लाईव्हमध्ये मी नव्हतेच. पहिल्यापासून शेवटपर्यंत चंद्री रवंथ करत होती.

"गेल्या टायमाला लोकांनी तिलाच बघितलं," मालक म्हणाले. "म्हटलं, उगं मध्ये तू कशाला."

मी काही बोलणार तोच हसीनाभाभी डोळे पुसत आत आल्या.

"समदं ऐकलं वैनी," त्या म्हणाल्या. "लई मनापासनं बोलली चंद्री."

मी म्हटलं, "तिला निरोप देते."